आडनाव दोशी : व्युत्पत्ती, अर्थ आणि वाटचाल

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा ट्रस्टचा इतिहास लिहिण्यास माझ्याहून अधिकारी व्यक्ती समाजात आहेत, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले. मात्र त्या निमित्ताने जुनी कागदपत्रे चाळण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यातूनच प्रस्तुत लेखाचा विषय मिळाला.

संस्थापक सभासदांच्या यादीत माझ्या कै. वडिलांचे नाव आहे. मूळ वही गुजराती लिपीत, वडिलांच्याच हातची आहे. तीत आडनाव ‘दोशी’ असे स्वच्छ लिहिलेले आहे. त्याच यादीची नोंदणीसाठी केलेली टंकलिखित मराठी प्रत फाईलमध्ये तिच्यामागेच लावलेली आहे आणि तीत ‘दोषी’ असे आहे. शेजारच्या शहा, गांधी, कोठारी, मेहता यांपैकी कोणालाही टंकलेखकाने धक्का लावलेला नाही. पोटफोड्या ‘ष’ने पोट फोडले ते एकट्या आमचे. वडिलांनी त्याखाली सही केली आहे. त्यांना देवनागरी उत्तम वाचता येत होती, तेव्हा चूक त्यांच्या ध्यानात आली नसेल, असे मला वाटत नाही. परगावातून येऊन स्थिरावलेल्या माणसाने अशा गोष्टींसाठी कोणाशी वाद घालू नये, असा त्यांचा स्वभाव होता.

आमच्या पिढीला हा ‘ष’ सर्वत्र भेटत आला आहे. शिधापत्रिका, मतदारयादी, वीजबिल, लग्नपत्रिका, कोठेही. काही वर्षांपूर्वी एका घाऊक व्यवहारातील धनादेश न वटल्यामुळे मला न्यायालयात जावे लागले. मी फिर्यादी होतो. पुकारा झाला तो मात्र ‘फिर्यादी दोषी हाजिर हो’ असा. सारे सभागृह हसले, समोरच्या बाजूचे वकीलही हसले, आणि खरे सांगायचे तर मीही हसलो. पण माझा सहावीतील नातू एके दिवशी शाळेतून आला तो हसत नव्हता. मराठीच्या तासाला विरुद्धार्थी शब्द चालू होते. ‘निर्दोष’ या शब्दावर वर्गातील मुलांनी एकदम त्याच्याकडे बोटे दाखविली. “दादा, आपण कशाचे दोषी?” असे त्याने मला विचारले. त्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते. साठी उलटलेल्या माणसाला आपल्याच आडनावाचा अर्थ सांगता येऊ नये, याचे मला त्या दिवशी फार वैषम्य वाटले.

माझ्या मुलाचे उत्तर सोपे होते. “पप्पा, राजपत्रात जाहिरात देऊन ‘शहा’ करून घेऊ. काकांनी केलेच आहे ना!” माझ्या धाकट्या बंधूंच्या घरी गेली तीस वर्षे ‘शहा’ लावतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्यात वावगे काही नाही. गुजराती वणिकांमध्ये ‘शाह’ ही सर्वांनाच लागू पडणारी आदराची पदवी होती. संस्कृत ‘साधु’, प्राकृत ‘साहु’, त्यापासून ‘साह’ आणि पुढे ‘शाह’, अशी तिची परंपरा आहे. म्हणूनच शहांची घरे गावोगाव शेकड्यांनी आढळतात आणि दोशी मराठी मुलखात विरळ. आपल्या गावात तर आमची घरे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुलाने अर्ज आणला, भरलाही. मी त्यास एवढेच म्हणालो, की जे टाकावयाचे ते काय आहे, हे तरी आधी पाहू.

योग असा, की तो चातुर्मासाचा काळ होता. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन चालू होते. प्रभू महावीरांच्या दीक्षेचा प्रसंग आला. प्रभूंनी आभूषणे उतरविली, पंचमुष्टी लोच केला आणि इंद्राने त्यांच्या खांद्यावर ‘देवदूष्य’ ठेवले. हा शब्द मी लहानपणापासून दरवर्षी ऐकत आलो आहे. देवदूष्य म्हणजे देवांनी दिलेले वस्त्र, हेही मला माहीत होते. परंतु कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाच्या मनात त्या दिवशी प्रथमच विचार आला, की यात ‘देव’ कोणता ते कळते, पण ‘दूष्य’ म्हणजे काय? दुपारी उपाश्रयात जाऊन मी साध्वीजी महाराजांना विचारले. त्यांनी पंडित हरगोविंददास शेठ यांचा ‘पाइअ-सद्द-महण्णवो’ हा प्राकृत कोश मागविला. १९२३ ते १९२८ या काळात कलकत्त्यास प्रसिद्ध झालेला हा जाडजूड ग्रंथ आहे. त्यातील एका नोंदीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हे तुमचे आडनाव, श्रावकजी.”

शब्द होता ‘दोसिअ’. अर्थ, वस्त्राचा व्यापारी.

आता व्युत्पत्ती थोडक्यात सांगतो. संस्कृतात ‘दूष्य’ म्हणजे कापड, वस्त्र, तसेच कापडी तंबू. पाली भाषेतही ‘दुस्स’ म्हणजे कापड आणि ‘दुस्सिक’ म्हणजे कापडवाला. गंधापासून गांधिक, तसा दूष्यापासून दौष्यिक. प्राकृतात ‘औ’चा ‘ओ’ होतो आणि श, ष, स या तिन्हींच्या जागी बहुधा एकटा ‘स’ उरतो. म्हणून ‘दोसिअ’, पुढे जुन्या गुजराती व मारवाडीत ‘दोसी’. इकारापुढील ‘स’ गुजरातीत ‘श’कडे झुकतो आणि ‘दोसी’चा ‘दोशी’ होतो. मराठीलाही ही सवय आहे. ‘सीमा’ची आपण ‘शीव’ केली, ती याच रीतीने.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मूळ संस्कृत शब्दात ‘ष’ होताच! म्हणजे आमच्या टंकलेखकाने नकळत दीड-दोन हजार वर्षे मागे उडी मारली, असे म्हणता येईल. फक्त उडी मारून तो भलत्या घरात उतरला. संस्कृतात ‘दूष्य’ असा आणखी एक शब्द आहे. तो ‘दुष्’ या धातूपासून आला असून त्याचा अर्थ ‘दोष देण्याजोगे’ असा आहे. दिसायला दोन्ही शब्द एकसारखे, अर्थाने मात्र एक वस्त्र आणि दुसरा कलंक. दोशी आणि दोषी यांचा घोटाळा म्हणजे या दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा घोटाळा होय. आमच्या नात्यातील एक वृद्ध गृहस्थ ‘दोसुती कापड विकणारे ते दोशी’ असे सांगत असत. दोसुती म्हणजे दुहेरी सुताचे जाड कापड, ते मी स्वतः विकलेले आहे. परंतु त्या ‘दो’चा आणि या ‘दो’चा संबंध नाही. तरी ते कापडापर्यंत पोहोचले होते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

देवदूष्याची कथा पुढे काय होते, हे श्वेतांबर वाचकांना ठाऊक आहेच. (दिगंबर परंपरेत हा प्रसंग नाही.) एक गरीब ब्राह्मण प्रभूंकडे याचना करतो. प्रभू त्यास अर्धे वस्त्र देतात. ते घेऊन तो रफू करणाऱ्या कारागिराकडे जातो. कारागीर म्हणतो, उरलेला अर्धा तुकडा आण, सांधा दिसणार नाही असा जोडून देतो, त्याचे लक्ष दीनार येतील, निम्मे तुझे, निम्मे माझे. ब्राह्मण प्रभूंच्या मागोमाग हिंडतो आणि काट्यात अडकून पडलेला उरलेला तुकडा उचलून आणतो. ही कथा मी त्यागाचे उदाहरण म्हणून ऐकत आलो. दुकानदाराच्या नजरेने पाहिले, तेव्हा तीत आमचा सारा बाजार दिसला. अखंड कापडाची किंमत आणि तुकड्याची किंमत, रफूगराचे कसब, आणि नफ्यातील ठरलेला वाटा.

साध्वीजींनी त्यानंतर जे दाखविले, ते माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. आर्यश्यामाचार्यांच्या नावे असलेल्या ‘प्रज्ञापना’ या उपांगसूत्रात आर्यांचे प्रकार सांगितले आहेत. क्षेत्राने आर्य, जातीने आर्य, कुळाने आर्य, असे सांगत सांगत सूत्रकार ‘कर्मार्य’ म्हणजे आपल्या व्यवसायाने आर्य असलेल्यांपाशी येतात आणि त्यांची यादी देतात. त्या यादीतील पहिले नाव दोसिअ, कापडविक्रेता. त्यामागून सूत विकणारे, मग कापूस विकणारे. पुढे कुंभार आदी येतात. विणकर आणि रफूगर यांना ‘शिल्पार्य’ म्हणून वेगळे स्थान आहे. ‘अनुयोगद्वार’ सूत्रातही व्यवसायावरून पडणाऱ्या नावांचे उदाहरण देताना आरंभ याच शब्दाने केला आहे. आगम वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, अखेरचे ग्रंथबद्ध झाले, हे लक्षात घेतले, तर हा शब्द किमान दीड हजार वर्षांचा जुना ठरतो. नातवाने विचारले होते, कशाचे दोषी. सूत्रकार आम्हाला आर्यांच्या पंक्तीत बसवून गेले होते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

त्याच ‘अनुयोगद्वारा’त सुताचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी कापसाच्या सुताला ‘बोंडय’ म्हटले आहे. आपल्याकडचा कपाशी पिकविणारा शेतकरी आजही ‘बोंड’ म्हणतो, त्या बोंडापासून झालेले ते बोंडय. असो. असे शब्द भेटले की मी वाहवत जातो, वाचकांनी क्षमा करावी.

‘व्यवहारसूत्रा’च्या नवव्या उद्देशात तर प्रत्यक्ष ‘दोसियसाला’, म्हणजे कापडाचे दुकान, येते. साधूंना उतरण्यास जागा देणाऱ्या गृहस्थाला शय्यातर म्हणतात आणि त्याच्याकडील वस्तू साधूला कल्पत नाही, हे आपण जाणतो. पण त्या शय्यातराची दुसऱ्याच्या दुकानात भागी असेल तर? सूत्रकार तेलाचे दुकान, गुळाचे दुकान, कापडाचे, सुताचे, सुगंधी द्रव्याचे, अशी एकेक दुकाने घेऊन सांगतात, की भागी असेल तर तेथील वस्तू घेऊ नये, भागी नसेल तर घ्यावी. भागीदारी अधिनियम, १९३२ मी बी.कॉम.च्या वर्गात पाठ केला होता. भागीदाराचा हितसंबंध मालाच्या प्रत्येक नगाला चिकटलेला असतो, हे तत्त्व आपल्या आचार्यांनी इतक्या काटेकोरपणे मांडलेले आहे, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते. तेथेच सुगंधी द्रव्याच्या दुकानास ‘गंधियसाला’ म्हटले आहे. आपल्या समाजातील गांधी मंडळींनी हे टिपून ठेवावे. त्यांचे आणि आमचे दुकान त्या बाजारात फार लांब नव्हते.

आता या नावाच्या सर्वांत तेजस्वी पुरुषाकडे येतो. शत्रुंजयाची यात्रा न केलेला वाचक या स्मरणिकेस क्वचितच लाभेल. गिरिराजावरील मुख्य टुंकेत आदीश्वर दादांची जी मूलनायक प्रतिमा आपण आज पाहतो, ती विक्रम संवत १५८७, म्हणजे इसवी सन १५३१ मध्ये, वैशाख वद्य षष्ठीस प्रतिष्ठित झाली. त्या तिथीस दादांची सालगिरह साजरी होते. हा तीर्थाचा सोळावा उद्धार आणि तो करणारे चितोडचे कर्माशा. परंपरा त्यांना ‘कर्माशा दोशी’ म्हणून ओळखते आणि हा ‘दोशी’ नुसता नावापुरता नव्हता. कर्माशा खरोखरीचे कापडाचे व्यापारी होते. दूरदूरच्या देशांतून येणारा माल त्यांच्या पेढीवर विकला जात असे. हा सारा वृत्तान्त विवेकधीरगणींनी उद्धाराच्याच काळात लिहिलेल्या ‘शत्रुंजयतीर्थोद्धारप्रबंधा’त आहे. मुनी जिनविजयजींनी तो १९१७ साली संपादून प्रसिद्ध केला.

प्रबंधात सांगितलेली हकीकत अशी. गुजरातच्या सुलतानाचा मुलगा बहादुरखान घरी रुसून बाहेर पडला आणि फिरत फिरत चितोडास आला. त्याच्या माणसांनी कर्माशांच्या दुकानातून कापड घेतले, त्यातून ओळख झाली. निघताना त्याच्याजवळ वाटखर्चास द्रव्य नव्हते. कर्माशांनी त्यास एक लक्ष द्रव्य दिले, ते काही अट न घालता. घरातून निघालेल्या राजपुत्राला एवढी उधारी! माझ्यासारखा दुकानदार एवढ्या रकमेसाठी दोन जामीन मागेल. १५२६ मध्ये तोच राजपुत्र बहादुरशाह म्हणून गुजरातच्या गादीवर बसला. कर्माशा त्याच्या भेटीस गेले. सुलतानाने रक्कम परत केली आणि आणखी काय हवे म्हणून विचारले. कर्माशांनी मागितली ती शत्रुंजयावर प्रतिमा स्थापन करण्याची परवानगी. फर्मान मिळाले. मंत्री वस्तुपाल यांनी तीनशे वर्षांपूर्वी मम्माणी खाणीचे पाषाण आणवून भुयारात जपून ठेवले होते. ते बाहेर काढून त्यातून प्रतिमा घडविली गेली. विद्यामंडनसूरींच्या हस्ते प्रतिष्ठा झाली.

इतिहासाची क्रूर बाजूही येथेच सांगून टाकतो, कारण नुसते गोडगोड लिहिणे मला पटत नाही. ज्या बहादुरशाहाने शत्रुंजयासाठी फर्मान दिले, त्यानेच १५३५ मध्ये कर्माशांच्या चितोडवर स्वारी करून तो गड घेतला. राणी कर्णावतीसह स्त्रियांनी जोहार केला, तो याच वेळी.

कर्माशांच्या वंशाविषयी प्रबंधात एक माहिती आहे, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यांचे कुळ ओसवाल आणि गोत्र ‘राजकोष्ठागार’ म्हणजे राजकोठारी असे सांगितले आहे. बप्पभट्टिसूरींनी प्रतिबोध केलेल्या आम राजापर्यंत ते नेऊन भिडविले आहे. म्हणजे गोत्राने हे कोठारी आणि धंद्याने दोशी! याचा अर्थ असा, की सोळाव्या शतकात ‘दोशी’ हे कुळाचे नाव म्हणून घट्ट झालेले नव्हते. तो धंदा होता. म्हणूनच हे नाव ओसवालांत आढळते, श्रीमाळींत आढळते, हुमड दिगंबरांत आढळते आणि वैष्णव वणिकांतही आढळते. या सर्व दोशींचा मूळ पुरुष एक नाही, ते एकाच कुळातून फुटलेले नाहीत. जेथे कापडाचे दुकान होते, तेथे एक दोशी होता, एवढेच. आमच्यात ‘सगळे दोशी भाऊभाऊ’ असे म्हणण्याची पद्धत आहे. प्रेम म्हणून ते ठीक आहे, इतिहास म्हणून नव्हे.

त्या काळच्या शहरांत या दुकानांच्या रांगा एकत्र असत. संवत १४७८ मध्ये माणिक्यसुंदरसूरींनी रचलेल्या ‘पृथ्वीचंद्रचरित्र’ या जुन्या गुजराती गद्यग्रंथात नगरातील चौऱ्याऐंशी बाजारांची नामावळी आहे. तीत सोनी, जवाहिरे, गांधी, कपाशी यांच्या जोडीने दोसीही उभे आहेत. अहमदाबादेची दोशीवाडानी पोळ तिच्यातील जिनमंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. पाटणला दोशीवट नावाचा बाजार आहे. आपल्यापैकी जे यात्रेस जातील, त्यांनी मंदिरांतील पंधराव्या-सोळाव्या शतकांतील धातूच्या पंचतीर्थी प्रतिमा पुजाऱ्यांच्या अनुमतीने पाठीमागूनही पाहाव्यात. भरविणाऱ्या श्रावकाच्या नावाआधी एक-दोन अक्षरांची खूण असते. ‘श्रे’ म्हणजे श्रेष्ठी, ‘सा’ म्हणजे साह, ‘मं’ म्हणजे मंत्री, ‘सं’ म्हणजे संघपती, ‘व्य’ म्हणजे व्यवहारी, आणि कोठे कोठे ‘दो’ म्हणजे दोसी. आडनावे आपल्याला आज वाटतात तशी नावाच्या शेवटी नव्हती, ती नावाच्या पुढे चालत होती. संघवी, वोरा, शेठ, कोठारी, भंडारी, पारेख ही सारी मंडळी अशीच एकेकाळी कामकरी पदे होती. पारेख म्हणजे नाण्यांची पारख करणारा परीक्षक. आज कोणता पारेख नाणे वाजवून पाहतो?

महाराष्ट्रात हे नाव आले ते व्यापाराच्या वाटेने. सोलापूर, फलटण, बारामती, अकलूज या पट्ट्यात हुमड दिगंबर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि घरी गुजराती, बाहेर शुद्ध मराठी, अशी दुभाषी झाली. त्यांतील सर्वांत विख्यात घराण्याचे आडनाव दोशी आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद हे दोशी होत. त्यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, वालचंदनगर वसले, पण या सर्वांवर दोशी हे नाव कोठे नाही. स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव, एवढ्यावरच त्या पिढीचे भागत असे. वडील शेठ हिराचंद नेमचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मराठी पत्र सुरू केले, तेही याच रीतीने नाव लिहीत. पुढच्या पिढीत एकाच घरात दोन्ही रीती दिसतात. वालचंदांचे पुतणे विनोद यांनी दोशी लावले, दुसरे पुतणे अजित हे गुलाबचंद राहिले. शाळेचा दाखला, बँकेचे खाते, पारपत्र यांना आडनावाचा रकाना भरून हवा असतो. धंद्याचे नाव आडनाव म्हणून गोठले, ते या रकान्यांमुळे, असे माझे मत आहे.

सोलापूरचेच ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती ग्रंथप्रकाशनास दिली. त्यांच्या नावाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांनी ‘तिलोयपण्णत्ती’ संपादिली. सौराष्ट्रात वळा येथे १८८९ मध्ये जन्मलेले पंडित बेचरदास दोशी यांनी प्राकृत व्याकरणे लिहिली आणि पंडित सुखलालजींबरोबर ‘सन्मतितर्क’ संपादिला. ‘दोसिअ’ हा शब्द त्यांच्या डोळ्यांखालून किती वेळा गेला असेल, याचे मला कुतूहल वाटते. विनोद दोशी यांच्या पत्नी डॉ. सरयू दोशी यांचा जैन चित्रकलेवरील ग्रंथ जगभर वाचला जातो. पुण्यात १९२७ मध्ये जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी हे वैष्णव कुटुंबातील, आणि त्यांच्या घरचा धंदा लाकडी सामानाचा. २०१८ चा प्रित्झकर पुरस्कार त्यांना मिळाला, तो मिळविणारे ते पहिले भारतीय. डावखुरे फिरकी गोलंदाज दिलीप दोशी यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेतले. सुतारकाम, इमारती, व्याकरण, क्रिकेट! यांत कापड विकणारा कोणी नाही.

आमच्या घराचीही तीच गत होती. आजोबा काठियावाडातून येथे आले, ते धान्याच्या अडतीवर गुमास्ता म्हणून. त्यांच्या आधीच्या ज्या दोन पिढ्यांची माहिती घरात आहे, त्यांत कोणी कापडाला हात लावलेला नाही. वडिलांनी एका व्यापाऱ्याकडून उधारीवर धोतरजोड्या आणि खण घेऊन आठवडी बाजारात पथारी मांडली, त्यातून आजचे दुकान झाले. आपण आपल्या नावाकडे परत आलो आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती. माझा मुलगा संगणकाच्या क्षेत्रात आहे. म्हणजे माझ्यामागे दुकान चालणार नाही आणि आमच्या घरातील दोसियसाला पुन्हा एकदा बंद होईल.

नातवाला मी हे सर्व एका बैठकीत सांगितले नाही, तेवढा धीर त्या वयाला नसतो. देवदूष्याची, कर्माशांच्या उधारीची आणि यादीतील पहिल्या नावाची, अशा तीन गोष्टी तीन रात्री सांगितल्या. त्याला उधारीची सर्वांत आवडली. “त्यांनी पैसे परत दिले नसते तर?” असे त्याने विचारले. उपाश्रयातून आणलेल्या कोशाची पाने चाळून त्याने ‘दोसिअ’ स्वतः शोधला आणि वहीत उतरवून घेतला. वर्गात त्याने काय सांगितले, ते त्याने मला सांगितलेले नाही. शाळेच्या नोंदवहीतील ‘ष’ काढून ‘श’ करण्याचा अर्ज मात्र मी दिला आणि तो मंजूर झाला आहे.

मुलाने भरलेला राजपत्राचा अर्ज अजून टेबलाच्या खणात आहे. त्यावर त्याने सही केलेली नाही आणि तो फाडलेलाही नाही. मी विचारीत नाही, निर्णय त्याचा आहे. संस्थापक सभासदांच्या मराठी यादीत माझ्या वडिलांच्या नावापुरती दुरुस्ती करून घ्यावी, अशी लेखी विनंती मी विश्वस्त मंडळास केली आहे. तिच्यासोबत गुजराती वहीच्या त्या पानाची छायाप्रत जोडली आहे.

लेखात काही उणे-अधिक लिहिले गेले असल्यास, आगमांच्या अर्थाविषयी काही विपरीत घडले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्.